फौजदाराची खोटी बेडी

सुज्ञ वाचकहो, मालिकेत फौजदार साकारणाऱ्या मजसारख्या नटास अटकेचा अधिकार किती, हे येथे सविनय कथन करतो.

चित्रीकरणस्थळी एका माऊलीने माझा हात धरला. "साहेब, जावई लेकीला मारतोय. टीव्हीत धरता तसं धरा त्याला!"

"मावशी, मी नट आहे. बेडीसुद्धा खोटी."

"खरे पोलीस तर घरचं भांडण म्हणून हाकलतात!"

मी गणवेश कपडेपटात जमा केला व साध्या सदऱ्यात तिजसह ठाणे गाठले. हवालदार मला ओळखून हसले. "काय फौजदार, आज कुणाला अटक?"

"तो अधिकार तुमचा," मी उत्तरलो. "तक्रार नोंदवून घेईपर्यंत आम्ही बाकावरून हलणार नाही."

मावशी पदर खोचून शेजारी बसली. हवालदारांनी अखेर लेखणी उचलली. "बोला, जावयाचं नाव?"

वाचल्याबद्दल ऋणी,
सोपान गणू तांबवेकर