पहिली एष्टी

दीपमाला भाकरी थापायला उठली, तशी गेम चालू असलेला तिचा मोबाइल सासूबाईंनी, मनुबाईंनी, हातात घेतला. गेममधली लढाई सोडून त्यांनी घोडा भलत्याच डोंगरावर नेला. पलीकडं तळं निघालं, तळ्यापल्याड जंगल.

“आवं आत्या, शत्रू हिकडं हायती! तिकडं काय बी न्हाई.”

“आसू दे. बघून तर येऊ.”

जेवणं झाल्यावर मनुबाईंनी विचारलं, “सकाळची पहिली एष्टी कुठं जाती गं?”

“शिराळ्याला.”

“मग मी उद्या शिराळ्याला जाऊन येती.”

आजवर मनुबाई गावाबाहेर पडल्या त्या लग्नाला, बारशाला, नाहीतर मयतीला. दीपमाला घाबरलीच. “काय झालं? शिराळ्यात कोण हाय आपलं?”

“कुणीच न्हाई,” मनुबाई हसल्या, “म्हणून तर चाललीया.”