उजवं फूल

गावच्या देवळात माझ्या बढतीसाठी कौल लावून अम्मा थेट बंगळुरातल्या माझ्या घरी आली. "नागू, उजवं फूल पडलं! देव हो म्हणाला."

"अम्मा, मी इंजिनिअर आहे. मला फुलं नको सांगूस," मी खेकसलो. बढतीसाठी उद्या साहेबांना दाखवायचं सगळं काम लॅपटॉपमध्ये होतं, आणि लॅपटॉपचं अपडेट सकाळपासून फसत होतं.

"हा काय म्हणतोय?" तिनं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा."

"काय चुकलं?"

"ते नाही सांगत."

"मग तू काय करतोस?"

"पुन्हा प्रयत्न करतो."

"आणि परत तेच म्हणाला तर?"

"तर परत करतो."

अम्मानं अंबाड्यातला गजरा सारखा केला. "आमचा देव निदान उजवं-डावं तरी सांगतो रे. तुझी भक्ती माझ्यापेक्षा मोठी!"

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे मी तिला ठणकावून सांगितलं. मग ती कॉफी करायला आत गेल्यावर गुपचूप अंघोळ करून आलो आणि पुन्हा बटण दाबलं.