दुसरी ग्रिप

ज्ञानेश्वरीनं बॅट गुडघ्यांत दाबून धरली आणि नवी निळी ग्रिप हँडलच्या टोकावर चढवायला घेतली. जुनी ग्रिप तिनं काढली नव्हती. तिच्यावरच ही दुसरी बसवायची होती. हँडल जाड झालं, तरच तिच्या डाव्या हातात ते नीट बसणार होतं. त्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट निम्म्यावरच संपत होती.

रबर दोन बोटं खाली सरकलं आणि सटकन निघून ओट्यावर पडलं. ही चौथी खेप होती.

समोर गोठ्यात तिचा थोरला भाऊ अमृत कोयत्यानं मका तोडत होता. कुट्टीचं मशीन शेजारीच होतं, ताडपत्रीनं झाकलेलं. दिवाळीच्या आधी त्याच मशीनमध्ये अडकलेला चारा ज्ञानेश्वरी काढत होती. तिचा हात निघाला असं समजून अमृतनं बटण दाबलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलायचा, पण तिच्या हाताकडे बघायचा नाही. तिला बॉलिंग टाकणंही त्यानं सोडलं होतं.

"राहू दे की आता," तो कोयता न थांबवता म्हणाला.

"उद्या नवाला नगरला निवडीला हजर व्हायचंय."

"लेदरचा बॉल हाय, ज्ञानू. परत त्याच हाताला बसला तर?"

"बसला तर बसला. एकोणीसच्या आतली टीम हाय. पुढल्या वर्षी माझं वय बसत न्हाई."

ज्ञानेश्वरीनं ग्रिप उचलली. या वेळी तिनं रबराची एक कड दातांत धरली आणि उजव्या हातानं दुसरी कड ओढली. डाव्या हातानं हँडल आवळायला गेली, तशी अर्ध्या बोटांतून कळ उठली. तिनं डोळे मिटून घेतले, पण दातांतली कड सोडली नाही. रबरच निसटलं आणि तिच्या ओठावर फाटकन बसलं.

तिनं ओठ ओढणीनं पुसला. ओढणीला रक्ताचा ठिपका लागला.

"दादा, इकडं ये," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हे दोन हातांचं काम हाय. मला दीडच हाय."

कोयता थांबला. अमृतनं हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. येताना खताच्या गोणीतला पातळ प्लॅस्टिकचा कागद घेऊन आला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं हँडलभोवती कागद गुंडाळला.

"ह्यावरनं सरकतं. मग कागद वढून काढायचा. तू खालनं घट्ट धर."

तिनं डाव्या हातानंच धरलं. अमृत ग्रिप खाली ढकलत आला. चार बोटं, आठ बोटं. रबर तिच्या हाताजवळ आलं, तसा तो थांबला. अर्ध्या बोटांची टोकं लाल, गुळगुळीत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो ती इतक्या जवळून बघत होता.

"दुखतं?"

"थंडीत."

त्यानं मान खाली घातली.

"थांबू नको," ती म्हणाली. "अजून चार बोटं राहिलीत."

तिनं हात खाली घेतला आणि त्यानं जोर लावला. ग्रिप शेवटपर्यंत गेली. त्यानं आतला कागद झटक्यानं ओढून काढला आणि रबर हँडलला घट्ट चिकटलं.

ज्ञानेश्वरी उठली. पॅड बांधले, ग्लोव्ह्ज घातले. डाव्या ग्लोव्हच्या दोन बोटांत तिनं चिंध्या भरून घेतल्या होत्या. अंगणापलीकडच्या मोकळ्या रानात तिनं तीन काठ्या रोवल्या आणि बॉल अमृतकडे फेकला.

पहिला बॉल त्यानं दहा पावलांवरून अलगद सोडला. तिनं बॅट हलवलीच नाही. बॉल काठ्यांना लागून पडला.

"उद्या असा कोण टाकणार हाय मला?"

दुसरा जरा जोरात आला. तिनं तो तटवला.

"दादा, तू भीत टाकतोयस. तिथल्या पोरी न्हाई भ्यायच्या."

तिसरा बॉल अमृतनं पूर्वीसारखा टाकला. तो टप्पा पडून आत आला आणि बॅटच्या कडेवर बसला. ज्ञानेश्वरीचा खांदा हलला. बॅट हातात थोडी फिरली, पण सुटली नाही. बॉल घरंगळत मक्याच्या कडेला गेला.

अमृत दोन पावलं पुढं धावला. "लागलं का?"

ज्ञानेश्वरीनं डावा हात हँडलवर थोडा खाली सरकवला, अंगठा वळवून आत घेतला, बॅट एकदा हवेत फिरवून बघितली आणि परत वाकून उभी राहिली.

"टाक."

अमृतनं बॉल उचलला, शर्टला पुसला. बॉलिंगची धाव घ्यायला नेहमी वळायचा त्या जागी तो या वेळी वळला नाही. चालत चालत पार बांधापर्यंत गेला. तिथं त्यानं पायांतल्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या.