आपल्या बूथवर शून्य

"हात ठेव त्याच्या डोक्यावर," ग्यानोबा सुनेला म्हणाले.

उज्वलाने हात ठेवला नाही. समोर सासूच्या मांडीवर तिचा तीन वर्षांचा शिवांश बसला होता. कस्तुराबाईंनी नातवाला गच्च धरलं होतं. पोराला तो खेळच वाटत होता. ते खिदळत आईच्या बांगड्या ओढत होतं.

"मामा, मी म्हनलं ना, तुमी सांगताल तिथंच देते. लेकराला मधी कामून आणता?"

"तू कालेज शिकलेली हायेस. बेलभंडाऱ्याच्या शपथेला भ्यायची न्हाईस," सासरे म्हणाले. "लेकराला भेशील."

ते खरं होतं. नांदेडला बी.एस्सी. करून आलेली उज्वला पोर साधं शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघायची.

तिचा गुन्हा एवढाच, की आठ दिवसांमागं जेवता जेवता ती बोलून गेली होती, "माझं मत महामाया सिस्टरला." महामायाबाई गावच्या उपकेंद्रातल्या निवृत्त नर्स. जिल्हा परिषदेला तिसऱ्या आघाडीकडून उभ्या राहिल्या होत्या. निशाणी शिलाई मशीन. शिवांशच्या वेळी ओढ्याला पाणी आलं होतं आणि अहमदपूरहून निघालेली गाडी पलीकडच्या काठालाच अडकली होती. गळ्याला नाळेचे दोन वेढे घेऊन पोर निळं बाहेर आलं. सिस्टरनी त्याच्या तोंडात फुंकर घातली, पुन्हा घातली, घालतच राहिल्या. मग ते रडलं. त्या बुद्धवाड्यातल्या होत्या. त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. निवडणूक लागली तसं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"सिस्टर चांगलीच हाय की, कोण न्हाई म्हणतंय?" उज्वलाचा नवरा हरिओम म्हणाला होता. "पर निवडून येती का ती? मग तिला दिलेलं मत म्हंजी नालीत वतलेलं दूध. आपली मतं फुटतेत अन् तिकडचा हसत हसत निघून जातो. मशीन तिला घरी शिवायला ठेव म्हणावं."

हरिओम मोठ्या पक्षाचा बूथवरचा माणूस. त्याने साहेबांना शब्द दिला होता. बुद्धवाड्याचं बूथ वेगळं, तिथलं सांगता येत नाही. पण आपल्या बूथवर शिलाई मशीन शून्य. पंचायत समितीचं पुढचं तिकीट त्या शून्यावर लटकलं होतं. म्हणून तर गल्लीत घरोघरच्या कारभाऱ्यांच्या हातात बेल आणि भंडारा देऊन शपथा झाल्या होत्या.

"सासूकडून शीक जरा," ग्यानोबा म्हणाले. "चाळीस वर्सं झाली, सांगंल तिथं शिक्का, सांगंल तिथं बटन. एकदा इचारलं न्हाई, कामून म्हणून."

कस्तुराबाई खाली मान घालून शिवांशचे केस सारखे करत राहिल्या.

उज्वलाने हात ठेवला. टाळू कोमट होती. तिने शपथ घेतली.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत हरिओम यादी घेऊन बसलेला. रांगेत पुढे कस्तुराबाई, मागे शिवांशला कडेवर घेतलेली उज्वला. सासूबाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि तिथेच थांबल्या. मशीन वाजेना.

"म्हातारीला दिसंना झालंय वाटतं," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मग वाजलं.

उज्वला आत गेली. शिलाई मशीन चौथ्या नंबरला होतं. बोट तिथवर गेलंही. तेवढ्यात शिवांशने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिने पहिलं, हरिओमच्या पक्षाचं बटण दाबलं.

शपथ पाळली होती. तरी मतमोजणीपर्यंत तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून ती श्वास बघायची. शिवांश जिथे जन्मला त्या उपकेंद्रावरून जायचं झालं की मान वळवायची. ज्याला सिस्टरनी जिवंत केलं, त्याच्याच डोक्यावर हात ठेवून तिने सिस्टरला नाकारलं होतं.

निकालाच्या दिवशी हरिओम अहमदपूरहून परतला तो गुलालाने माखलेला. पण तोंड उतरलेलं.

"पडलो का रं?" ग्यानोबांनी विचारलं.

"आलो की निवडून." त्याने खिशातून चिठ्ठी काढून बापाच्या पुढ्यात टाकली. "आपलं बूथ. शिलाई मशीन, एक. साहेब समद्यांच्या देखत हसले. हरिओम, ह्यो एक कुणाचा रं, म्हणाले."

दोघांनी एकदमच उज्वलाकडे पाहिलं.

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललीस?" ग्यानोबांचा आवाज चिरका झाला. "आई हायेस का कोण हायेस?"

"मी न्हाई दिलं, मामा." उज्वलाला रडू फुटलं. "द्यायला पाहिजे होतं. पण न्हाई दिलं."

"मग दिलं कुणी?" हरिओम ओरडला. "गल्लीत एक घर ठिवलं न्हाई मी. समद्यांनी शपथ घेतलीय!"

त्या ओरडण्याने शिवांश दचकला. कस्तुराबाई चुलीपुढून उठल्या. पदराला हात पुसले. नातवाला उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठेवला.

"तिच्यावर कामून वरडून राहिलास?" त्या म्हणाल्या. "शपथ तिला घातली व्हती. मला कुणी घातली व्हती?"