टेबलाखालचे हात

धाकट्या मुलाला कुणाला विचारून काही करायची रीत कधी नव्हतीच. सासूबाई काही महिने थोरल्याकडे काय राहून आल्या, तेवढ्यात याने त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर कॅमेरा बसवून टाकला. घर त्यांचं, फळी त्यांची, आणि परवानगी कुणाची? आल्या आल्या त्यांनी त्याला फैलावर घेतलं. तो नुसता हसला.

"फोटो राहत नाहीत गं यात," तो म्हणाला. "नुसत्या रेघा राहतात."

सासूबाई आणि सून, धाकट्याची बायको, टेबलाशी समोरासमोर मटार सोलत होत्या. त्याने लॅपटॉप आईकडे वळवला. पडद्यावर दोघींच्या अंगावर रेघा, सांध्यासांध्यावर ठिपका. नुसत्या काड्यांच्या बाहुल्या. अजून मेले नाही मी, आताच हाडं कसली मोजतोस, म्हणून त्यांनी सुनावलं. सून खालमानेने सोलत राहिली.

मग त्याने आपलं काम समजावलं. गर्दीत, सामानाआड माणूस अर्धाच दिसतो. उरलेला कसा असेल ते यंत्र ओळखून काढतं. न दिसणारं कसं ओळखतं म्हणे, सासूबाईंनी विचारलं.

"शिकवावं लागतं. रोज जे बघतं, तेच झाकलेल्या जागी भरतं. मी याला इथेच शिकवलं. दिवसभर तुझी सूनच तर असते समोर."

दाखवायला म्हणून त्याने दोघींना हात टेबलाखाली घ्यायला सांगितले. सासूबाईंनी कुरकुरत घेतले. सुनेने लगेच घेतले.

पडद्यावरच्या हातांच्या रेघा विझल्या. क्षणभराने तुटक तुटक उमटल्या, पण खाली नाही. कोपरं वर, मनगटं डोक्यावर, एकावर एक. सुनेची तशीच आणि सासूबाईंचीही तशीच.

सासूबाईंनी खाली पाहिलं. त्यांचे हात मांडीवरच होते, मुठीत एक शेंग. पडद्यातली म्हातारी मात्र डोकं झाकून बसली होती.

"चुकतंय अजून," धाकटा पुटपुटला आणि कॅमेरा नीट करायला त्याने हात उचलून सुनेच्या डोक्यावरून फळीकडे नेला.

पडद्यावरच्या रेघा हलल्या नाहीत. सुनेचेच हात टेबलाखालून झटकन वर आले आणि त्या रेघांवर नेमके जाऊन बसले.

सोललेले दाणे टेबलावरून घरंगळत खाली पडत राहिले. सुनेने हात सावकाश उतरवले आणि पुढची शेंग घेतली.

"माशी होती, आई," ती म्हणाली.

सासूबाई उठल्या. धाकट्याचा हात अजून फळीवरच होता.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या. "यंत्र राहू दे तिथेच, त्याचं काही चुकलेलं नाही. ही पण राहील. तू तेवढा कपडे भर आणि नीघ."