येडाईची परडी

जळक्या खोपटासमोर देशमुखांची घोडी थांबली, तसं कोंडाबाई बुरडिणीचं माथं भडकलं. देशमुखांना बुरडांच्या हातची जुनी सुपं, टोपल्या जमवायचा नाद होता. हैदराबादहून निजामाचे अंमलदार आले, की दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली ती रांग ते मोठ्या कौतुकानं दाखवत.

खोपटातलं होतं नव्हतं ते जळालं होतं. येरमाळ्याच्या येडाईची परडी तेवढी वाचली, कारण आग लागली तेव्हा कोंडाबाई ती घेऊन जोगवा मागत फिरत होती.

"तुझ्या आईनं विणलेली ना ही? दे इकडं," देशमुख म्हणाले. "आमच्या भिंतीवर जपून तरी राहील. तुमच्या खोपटाचा काय भरवसा?"

कोंडाबाईनं दातओठ खाल्ले.

"न्या. पण देवीची परडी रिकामी देत न्हाईत, मालक."

ती मागं वळून वाकली, परडी शिगोशीग भरली आणि त्यांच्यापुढं धरली.

देशमुख चपापले. "ही राख कशाला?"

"तुमचीच हाय," ती म्हणाली. "वेठीच्या फुकट टोपल्या विणायला आमी न्हाय म्हणलं, तवा तुमच्याच माणसांनी केली. टांगा की तीबी भिंतीवर."