बुंदीच्या गळ्यातली चकती

"अहो, मिसळ तुम्ही हाणायची आणि हगवण बुंदीला?" फरशी पुसता पुसता कुंदा नवऱ्यावर कडाडली. कोपऱ्यात त्यांची कुत्री बुंदी पुन्हा पोट आवळून पडली होती.

हेरंबने कानामागची चकती चाचपली. ती लावल्यापासून त्याच्या पोटाचं प्रत्येक दुखणं बुंदीच्या गळ्यातल्या जोडचकतीतून तिच्या पोटात उतरत होतं. "अगं, त्यासाठीच तर आणलीय तिला," म्हणत त्याने तर्रीची दुसरी वाटी तोंडाला लावली.

वाटी रिकामी होईपर्यंत कुंदा फरशी पुसत राहिली. मग तिने बुंदीच्या गळ्यातली चकती उपटली आणि फिनेलच्या बादलीत बुडवली. त्याच क्षणी हेरंब पोट धरून वाकला.

कुंदाने ओलं फडकं त्याच्यापुढे आपटलं. "धरा हे. आता तुमची घाण तुम्हीच पुसा."